गावाचं नाव, आपलं नाव

वाशीहून आम्ही बोलतोय. बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही काही जणी. आज कर्जाचे हप्ते नाहीत, पापड-मसाल्याचा हिशोब नाही. आज गावाबद्दल बोलायचंय. गाव शहरात गेलं, किंवा गावाशेजारी एखादा मोठा तळ, बंदर, विमानतळ आला, तर आपलं काय काय जातं आणि काय राखता येतं, याबद्दल.

आमच्या गटातल्या एका मावशींपासून सुरुवात करतो. गटाचं खातं उघडायला आम्ही गेलो होतो. अर्जात ‘मूळ गाव’ असा रकाना होता. मावशी म्हणाल्या, “वाशी.” अर्ज भरणारा मुलगा म्हणाला, “आजी, आता राहता ते नको. मूळ गाव कुठलं? सातारा, कोकण, कुठून आलात?” मावशी म्हणाल्या, “कुठूनच नाय आलो रे बाबा. माझ्या सासूची सासूपन इथलीच.” पोराला काही पटेना. वाशी म्हणजे सेक्टर, मॉल, स्टेशन. वाशी हे कुणाचं मूळ गाव असेल, असं त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याचा दोष नाही. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून आधी ते सांगतो. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी करायचं ठरलं. ही आगरी-कोळ्यांची गावं. खाऱ्या जमिनीला बांध घालून भात काढायचा, मिठागरात राबायचं, खाडीत जाळं टाकायचं, यावर संसार चालायचे. १९७३ साली खाडीवर पूल झाला, १९९२ साली वाशीपर्यंत लोकल आली. शहर वाढत गेलं आणि गाव ‘गावठाण’ म्हणून मधोमध एका बेटासारखं उरलं.

हे सगळं गुपचूप झालं नाही. लोक लढले. लोकनेते दि. बा. पाटील यांच्या पुढाकाराखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात मोठं आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यामुळेच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून परत द्यायचं सरकारने मान्य केलं. ‘साडेबारा टक्के’ हा आमच्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. त्याला अशी किंमत मोजलेली आहे.

आता उरणकडे जाऊ. उरण हे नवी मुंबईचंच दक्षिणेचं टोक, आणि तिथे गोष्ट जास्त अवघड आहे, कारण तिथे नौदल आहे. करंज्याला नौदलाचा शस्त्रसाठा आहे. असा साठा लोकवस्तीजवळ असला की भोवती सुरक्षेचा पट्टा लागतो. उरणमध्ये सगळे त्याला ‘सेफ्टी झोन’ म्हणतात. केगाव, म्हातवली आणि उरण शहराच्या काही भागात हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतोय. जमीन तुमच्याच नावावर, पण बांधकामाची परवानगी मिळत नाही. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, वर एक खोली चढवायची म्हटली तरी जिवाला घोर. आणि कागद साफ नसला की कर्जही मिळत नाही, हे आपण गटवाल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

संरक्षणासाठी असे निर्बंध घालणारा कायदा जुना आहे, १९०३ सालचा. त्यात नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. म्हणजे लोक भरपाई मागतात किंवा पट्टा कमी करा म्हणतात, तेव्हा ते देशाच्या विरोधात बोलत नसतात. कायद्यातलंच मागत असतात. २२ सप्टेंबर २०१६ ला उरणच्या शाळेतल्या मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं आणि सगळी किनारपट्टी सावध झाली. शोधाशोध झाली, कुणी सापडलं नाही. पण खबर दिली ती गावातल्या पोरांनीच. तळाशेजारचं गाव हे असं असतं. पहाराही देतं आणि परवानगीसाठी खेटेही घालतं.

लष्कर आलं की गावाच्या नावाचं काय होतं, याचे आपल्याच महाराष्ट्रात दोन वेगळे नमुने आहेत. साताऱ्याजवळचं अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. घरटी माणूस फौजेत, म्हणून गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं. त्या नावाचा गावाला अभिमान आहे. आता नाशिकजवळची देवळाली घ्या. इंग्रजांनी तिथे छावणी केली. मायदेशी परतणारे गोरे सैनिक तिथे जहाजाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे आणि कंटाळून वेडेपिसे व्हायचे. त्यावरून इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला ‘डुलाली’ म्हणायला लागले. देवळालीच्या नावाचा तो अपभ्रंश. गाव आपलं, शेतं आपली, आणि परक्यांच्या भाषेत त्या नावाचा अर्थ झाला वेडा! आजही तिथे देवळाली गाव वेगळं आणि देवळाली कॅम्प वेगळा. बाहेरच्याला मात्र कॅम्पच ठाऊक.

आमच्या भागातलं उदाहरण त्याहून बोचरं आहे. न्हावा आणि शेवा ही दोन गावं. १९८९ साली तिथे मोठं बंदर सुरू झालं. आज जगभरच्या कंटेनरांच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ असं लिहिलेलं असतं. पण शेव्याच्या लोकांना मात्र आपली जागा सोडावी लागली. कोळीवाड्यातली कुटुंबं उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात आली, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. दारं-खिडक्या वाळवीने पोखरलेल्या घरात राहून त्या बायका कित्येक वर्षं पुनर्वसनासाठी भांडताहेत. नाव जगभर फिरतंय आणि नावाचे धनी वाळवी झाडताहेत.

नेरूळहून उरणला जाणारी लोकल २०२४ साली थेट उरणपर्यंत सुरू झाली, तेव्हाही लोकांनी पाट्यांकडे बोट दाखवलं. न्हावा-शेवा नावाचं स्टेशन नवघरच्या जमिनीवर, द्रोणागिरी नावाचं बोकडवीऱ्याच्या. गावकरी म्हणाले, जमीन आमची गेली, निदान पाटी तरी आमच्या गावाची लावा. शहरातल्या काही लोकांना हे हट्टाचं वाटलं. आम्हाला नाही वाटलं. त्या मावशींचा अर्ज आम्ही पाहिला होता.

विमानतळासाठी दहा गावं उठली. आम्ही त्यांची नावं इथे मोठ्याने घेतो, कारण ही नावं आता फार कुणी घेत नाही. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, वरचे ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्यावं म्हणून २०२१ साली हजारो माणसं हाताला हात धरून रस्त्यावर उभी राहिली होती. त्यांत आमच्या गटांतल्याही बायका होत्या. पोरांना कडेवर घेऊन उन्हात.

आणि आता, मैत्रिणींनो, मुद्द्याचं.

त्याच साखळीत उभी असलेली आमची एक मैत्रीण. गावाच्या नावासाठी घसा बसेपर्यंत ओरडली. महिन्याभराने गटाच्या बैठकीत बोलता बोलता सहज म्हणाली, “भावाने कागद आणला होता. भूखंडाचं काम अडलंय म्हणाला. मी भाकऱ्या थापत होते. हात पुसले आणि सही केली.” आम्ही विचारलं, कसला कागद? तिला सांगता येईना. तो हक्कसोडीचा कागद होता. रजिस्टर ऑफिसात नेऊन तिच्याकडून पुन्हा सही-अंगठा घेतला होता आणि येताना साडी घेऊन दिली होती. गावाचं नाव राहावं म्हणून भांडली आणि स्वतःचं नाव तिने भाकरीच्या पिठाच्या हाताने पुसून टाकलं.

आम्ही तिला बोल लावला नाही. कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींनी तेच केलंय. जमीन गेली तेव्हाही असंच झालं होतं. लावणी बाईने केली, मिठाची पाटी बाईने वाहिली, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन बाजार बाईने गाठला. पण मोबदला मिळाला तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. बाईचं नाव तिथे नव्हतंच. पैसा आला, कुठे गाडी आली, कुठे बंगला आला, कुठे हळदीला मोठा मांडव पडला. काही वर्षांत पैसा संपला. बाईची टोपली मात्र कायमची गेली, कारण खाडीही पूर्वीची राहिली नाही. टोपलीचा मोबदला कुणी मोजला नाही.

हक्क मागितला तर माहेर तुटेल, ही भीती खरी आहे. तिला हसून चालणार नाही. बाईला अडीअडचणीला जायला तेवढं एकच दार असतं. पण आमच्या दुसऱ्या एका मैत्रिणीने भावाला एवढंच म्हटलं, “दादा, तू भांडू नको, मीपण भांडत नाही. कागद घरी ठेव, मी वाचून घेते, मग बोलू.” भाऊ चार महिने बोलला नाही. दिवाळीला वहिनीचा फोन आला. आज त्या जागेच्या कागदावर तिचंही नाव आहे आणि भाऊबीजही चालू आहे. सगळ्यांचं असं गोड होईलच असं नाही. पण कागद वाचायला मागणं म्हणजे भांडण नव्हे, एवढं तरी आपण एकमेकींना सांगू शकतो.

म्हणून काही गोष्टी सांगतो, त्या नीट ऐका.

एक. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या आधी वडील वारले असले तरी मुलीचा हा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. जुने झालेले वाटप, इतर धर्मांचे कायदे यांत फरक पडतो. तेव्हा आपलं प्रकरण जाणत्या वकिलाला दाखवा.

दोन. हक्कसोडपत्र एकदा नोंदवलं की फिरवणं फार कठीण. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर सही नाही. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. विचार करून, समजून, राजीखुशीने सोडायचं असेल तर तुमची मर्जी. पण सोडताय हे ठाऊक असू द्या.

तीन. सातबारा काढून बघा. वारसनोंदीत बहिणींची नावं आहेत का? फेरफाराची नोटीस आली की हरकतीला १५ दिवस असतात. राहत्या घराचा ग्रामपंचायतीतला आठ नंबरचा उतारा बघा. त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात.

चार. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे तिथे आडवं येत नाही.

पाच. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तुमच्या गावाजवळ रस्ता, धरण, कारखाना, लष्कराचा तळ, काहीही येणार असं कानावर आलं, तर पहिला प्रश्न त्या सभेत विचारा. मोजणी झाल्यावर नको, आधी. आणि विचारलेलं वहीत लिहायला लावा.

शेवटचं काम गटाचं. आम्ही सुरू केलंय, तुम्हीही करा. गटाच्या हिशोबाच्या वहीची मागची पानं रिकामी असतात. तिथे म्हाताऱ्या बायकांना विचारून गावाची नावं लिहा. कुठल्या शेताला काय म्हणायचे, पाणवठा कुठे, बांध कुठला, होडी कुठे लागायची, मिठागर कुणाचं. आणि प्रत्येक घरातल्या बाईचं पूर्ण नाव लिहा. कुणाची आई, कुणाची सून असं नाही, तिचं स्वतःचं नाव. वाशीच्या त्या मावशींना आम्ही नाव विचारलं, तर त्या आधी लाजल्या. म्हणाल्या, “आता कोण हाक मारतंय त्या नावाने?” मग सांगितलं. वहीत पहिलं नाव त्यांचं आहे, आणि पुढे लिहिलंय, मूळ गाव वाशी.

शहर येतं, तळ येतो, विमान येतं. त्यातलं काही देशाला लागतंही. पण गाव उठलं तरी त्या जागी कोण होतं हे लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्या लिहिण्यात आपलं नाव असलं पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपला सातबारा किंवा घराचा उतारा घेऊन या. हप्त्याआधी तो वाचू.