शून्य गाळू नका



संगणकाला कोणतीही लिपी कळत नाही. त्याला कळतात ते 0 आणि 1. अशा आठ अंकांच्या गटास बाइट म्हणतात. त्यात 0 ते 255 यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. ती संख्या 0-1 च्या रूपात लिहून पाहण्याची रीत सोपी आहे. तिला 2 ने भागत जा, बाकी लिहीत जा आणि शेवटी सर्व बाक्या खालून वर वाचा.

आपल्या पुणे कॅम्पचा पिनकोड घ्या : 411001. त्यातील 4 हा अंक संगणकात 52 या क्रमांकाने साठतो. 52 ला भागत गेलात की 110100 मिळेल. हे अंक सहाच झाले! बाइट तर आठांचा. नेमके येथेच पुष्कळ विद्यार्थी चुकतात. आरंभीच्या शून्याला किंमत नाही, असे समजून ते पुढे जातात. पिनकोडच्या सहाही अंकांचे असे केले तर 48 ऐवजी 36 अंक उरतात. ते सलग लिहून पुन्हा आठ-आठने तोडा. पहिलाच गट 11010011, म्हणजे 211, निघेल. पत्ताच हरवला! म्हणून 00110100 असे पुरे लिहावे. पायथन भाषेतील ‘बिन’ ही सोयदेखील ही शून्ये देत नाही. आठ स्थाने आपणच मागून घ्यावी लागतात.

आपल्या लिप्यांनाही हीच शिस्त लागू आहे. याच पुण्यात 1988 साली सी-डॅक स्थापन झाली आणि तेथील जिस्ट गटाने भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम केले. 1991 च्या ‘इस्की’ या भारतीय मानकात ‘अ’ला एकच बाइट पुरे : 10100100. आज युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत ‘अ’ला तीन बाइट लागतात, तर उर्दूच्या अलिफला दोन : 11011000 10100111. मराठी आणि उर्दू नावे एकाच दाखल्यावर शेजारी-शेजारी छापता येतात, ती या पद्धतीमुळे. मात्र या ओळीतला एक अंक जरी गळला, तरी पुढची सारी अक्षरे बिघडतात.

उर्दू शिकलेल्यांना हे नवे नाही. वरचा नुक्ता खाली गेला की ‘खुदा’चे ‘जुदा’ होते. तेव्हा मित्रहो, ज्याला किंमत नाही असे वाटते, त्याचीही जागा राखा.