करमरकरांचा शोध आणि सूचीकारांचे कार्य

ज्ञानाच्या क्षेत्रात शोध लावणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. परंतु त्या शोधाची नोंद ठेवणाऱ्याचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते. मराठी वाचकांना याचे उदाहरण घरचेच आहे. शंकर गणेश दाते यांनी इ. स. १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. त्या काळाच्या अभ्यासकाचे तिच्यावाचून पान हलत नाही. तरीही दात्यांचे नाव ग्रंथालयाच्या भिंतींबाहेर फारसे ऐकू येत नाही. जी गोष्ट ग्रंथांची, तीच संशोधनपर निबंधांची. गणित करून देणाऱ्या संगणकीय आज्ञावलींच्या क्षेत्रात सूचीवाचून काय घडते आणि सूचीमुळे काय साधते, याची साक्ष एका मराठी गणितज्ञाच्या शोधाच्या इतिहासात मिळते.

तो शोध ज्या प्रश्नाविषयी आहे, तो सामान्य व्यवहारातलाच आहे. दादरा व नगर हवेलीत सिल्वासाच्या परिसरात कृत्रिम धाग्याचे कारखाने आहेत. अशा कारखान्यात यंत्रे ठरावीक, कामाचे तास ठरावीक आणि कच्चा मालही ठरावीक. मग कोणत्या जातीचा धागा किती काढला असता लाभ अधिकाधिक होईल? धाग्याच्या दोनच जाती असतील, तर सिल्वासातील टोकरखाड्याच्या शाळेत शिकणारा विद्यार्थीही आलेखाच्या कागदावर चार रेषा ओढून उत्तर काढील. परंतु जाती शेकड्यांनी आणि बंधने हजारांनी असली, म्हणजे कागद आणि पेन्सिल यांचे काही चालत नाही. या गणिताला लिनिअर प्रोग्रॅमिंग, म्हणजे रेषीय नियोजन, असे म्हणतात.

१९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी या प्रश्नासाठी सिंप्लेक्स नावाची पद्धती दिली. सर्व बंधने मिळून अनेक पैलूंची एक घनाकृती तयार होते, अशी कल्पना करावी. सिंप्लेक्स पद्धती त्या आकृतीच्या कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात सर्वोत्तम कोपरा गाठते. व्यवहारात ती उत्तम चालली. तथापि १९७२ मध्ये क्ली आणि मिंटी यांनी असे प्रश्न रचून दाखविले की, त्यांत तिला प्रत्येक कोपऱ्याला भेट द्यावी लागते. १९७९ मध्ये खाचियान यांनी या वैगुण्यापासून मुक्त अशी पद्धती सिद्ध केली. पण प्रत्यक्ष वापरात ती संथ ठरली.

१९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी तिसरा मार्ग दाखविला. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या आय. आय. टी.मधून १९७८ मध्ये पदवी घेतलेले करमरकर त्या वेळी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत होते. त्यांची पद्धती कडेकडेने न जाता आकृतीच्या अंतर्भागातून सरळ वाट काढीत उत्तराकडे जाते. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली. मग संशोधनाचा असा पूर आला की, कोण कोठे काय लिहीत आहे, याचा मेळ तज्ज्ञांनाही लागेना.

या पुरातच एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. करमरकरांची पद्धती सोपी करून मिळणारी एक पद्धती १९८६ च्या सुमारास अमेरिकेत निरनिराळ्या संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडली. पुढे लक्षात आले की, तीच पद्धती सोव्हिएत गणितज्ञ दिकिन यांनी १९६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. दिकिन हे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या कान्टोरोविच यांचे शिष्य. त्यांचा निबंध अवघा दोन पानांचा होता आणि त्याचे इंग्रजी भाषांतरही त्याच वर्षी छापले गेले होते. तरीही सुमारे दोन दशके पश्चिमेत त्याची दखल घेतली गेली नाही. यामुळे करमरकरांच्या कार्याला उणेपणा येत नाही. कारण प्रश्न मोठा झाला तरी पायऱ्यांची संख्या मर्यादेत राहते, ही त्यांनी दिलेली सिद्धता दिकिन यांच्या निबंधात नव्हती. येथे कोणी कोणाचे चोरलेही नव्हते. शोधावे कोठे हेच ठाऊक नव्हते, आणि त्यापायी एका माणसाचे श्रेय वीस वर्षे अडगळीत पडले.

ही उणीव भरून काढण्याचे काम सूचीकारांनी अंगावर घेतले. १९९१ मध्ये जर्मनीतील हागेन येथील दूरशिक्षण विद्यापीठाच्या निबंधमालेत एबरहार्ड क्रानिख यांनी या ‘अंतर्बिंदू’ पद्धतींची सूची प्रसिद्ध केली आणि ती नेटलिब या संग्रहातही ठेवली गेली. नेटलिबची स्थापना जॅक डोंगारा आणि एरिक ग्रॉस यांनी १९८५ मध्ये केली होती. गणिती आज्ञावली हवी असणाऱ्याने संगणकावरून एका ओळीचे पत्र धाडावे आणि दुसऱ्या टोकाच्या यंत्राने, माणसाच्या मध्यस्थीवाचून, मागितलेली वस्तू परत टपालाने पाठवावी, अशी ती योजना होती. मूल्य काही नाही आणि मागणारा कोण, कोठला, ही विचारणाही नाही. रेषीय नियोजनाच्या आज्ञावलींची परीक्षा घेण्यासाठी डेव्हिड गे यांनी जमविलेली उदाहरणेही तेथेच मिळू लागली. निबंध, आज्ञावली आणि कसोटी ही तिन्ही एका दारी आली.

सूची करणे म्हणजे नावे उतरून काढणे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. खाचियान यांचेच नाव रोमन लिपीत तीन-चार प्रकारांनी लिहिलेले आढळते. ती सर्व एकाच व्यक्तीची आहेत हे सूचीकाराने ओळखावे लागते. करमरकरांचा मूळ निबंध १९८४ मध्ये एकाच मथळ्याखाली दोनदा छापला गेला: एकदा परिषदेच्या वृत्तांतात आणि एकदा ‘कॉम्बिनेटोरिका’ या नियतकालिकात. दोन्ही नोंदी ठेवाव्या लागतात, आणि त्यांचा संबंधही सांगावा लागतो. आज्ञावलीच्या बाबतीत तर अडचण दुप्पट असते. निबंध छापल्यावर बदलत नाही. आज्ञावलीची नवी आवृत्ती निघते, जुनी नाहीशी होते, तिचा पत्ताही हलतो. अमुक निबंधातील वेगाचे आकडे कोणत्या आवृत्तीवर घेतले, हे नोंदलेले नसेल, तर त्या आकड्यांचा पडताळा कोणालाच घेता येत नाही.

म्हणूनच सूची एकदा करून भागत नाही. ती राखावी लागते. राखलेली नसलेली सूची ही सूची नसण्यापेक्षाही फसवी. कारण तिच्यात जे नाही ते जगातच नाही, असे वाचक समजतो. एकट्या माणसाच्या उत्साहावर चालणारी सूची तो थकला की थांबते. त्यावरचा उपाय म्हणजे संस्थेचा आधार. २००० सालच्या गणिती विषयवर्गीकरणात अंतर्बिंदू पद्धतींना स्वतंत्र क्रमांक मिळाला. जर्मनीतील ‘झेडबीमॅथ’ या सूचिसंग्रहाला गणिती सॉफ्टवेअरची सूची जोडलेली असून, कोणती आज्ञावली कोणत्या निबंधांत वापरली गेली, हे तीत दाखविले जाते. २०२१ पासून हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे.

याचा खरा लाभ मोठ्या विद्यापीठातील पंडिताला नव्हे; त्याला विचारायला सहकारी असतात, ग्रंथालय असते. लाभ होतो तो दूरच्या विद्यार्थ्याला. टोकरखाड्याच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला उद्या गणितात काही नवे सुचले, तर ते खरोखर नवे आहे की कोणी पूर्वीच करून ठेवले आहे, हे त्याला घरबसल्या पाहता आले पाहिजे. आणि त्याने काही नवे केलेच, तर दिकिन यांच्याप्रमाणे त्याच्या वाट्याला वीस वर्षांचा विसर येऊ नये. एवढ्यासाठी तरी विद्यापीठांनी सूची राखण्याच्या कामाला संशोधनाच्या पंक्तीत मानाचे पान वाढले पाहिजे. शोध लावणे हे प्रतिभेचे काम खरे. पण लागलेला शोध हरवू न देणे हे निष्ठेचे काम आहे, आणि विद्येचा संसार या दोहोंवर चालतो.