रानवाटेवरचे रिव्हॉल्व्हर : एका निवडीची मीमांसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत राष्ट्रीय वने, राष्ट्रीय उद्याने आणि निरनिराळ्या राज्यांच्या ताब्यातील अरण्ये मिळून जो विस्तीर्ण प्रदेश सामान्य नागरिकाला पायी हिंडण्यासाठी खुला आहे, त्यात कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरण्याची प्रथा दीडशे वर्षांहून जुनी आहे. ही प्रथा इष्ट की अनिष्ट हा वाद स्वतंत्र असून तो त्या देशात अखंड चालू आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्याहून मर्यादित, परंतु अधिक नेमका आहे : शिकारीसाठी नव्हे, केवळ रानात चालण्यासाठी निघालेल्या माणसाने शस्त्र जवळ ठेवायचे ठरवलेच, तर त्याने कोणते रिव्हॉल्व्हर निवडावे आणि ही निवड कोणत्या निकषांवर व्हावी. या विषयावरील बहुतेक चर्चा काडतुसाच्या ताकदीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. वस्तुतः ताकदीचा प्रश्न शेवटचा आहे; शस्त्र कशासाठी हवे, दिवसभर किती वजन अंगावर वागवले जाईल आणि हातात किती सराव आहे, हे तीन प्रश्न त्याच्या आधी येतात.

रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्याच्या मध्यभागी काडतुसे ठेवण्याची पाच, सहा किंवा अधिक घरे असलेला फिरता सिलिंडर असतो असे आखूड शस्त्र. सॅम्युएल कोल्टला त्याचे अमेरिकी पेटंट १८३६ मध्ये मिळाले आणि १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या तयार काडतुसांवर चालणारे ०.२२ इंची छोटे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पिस्तूल आजच्या काळात अधिक प्रचलित असूनही रानात फिरणाऱ्यांनी रिव्हॉल्व्हर सोडलेले नाही, याचे कारण यंत्ररचनेत आहे. स्वयंचलित पिस्तुलात पहिली गोळी सुटताना जो धक्का बसतो त्याच्याच जोरावर पुढचे काडतूस नळीत येते. त्यामुळे काडतूस ठराविक जोराचे नसले तर पिस्तूल अडकते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर मात्र माणसाच्या बोटाच्या जोराने फिरतो, म्हणून त्याला सौम्य, जहाल किंवा बारीक छर्‍यांचे कोणतेही योग्य मापाचे काडतूस चालते, एकाच वेळी निरनिराळ्या घरांत निरनिराळी काडतुसे भरता येतात, आणि एखादे काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे घर समोर येते.

हेतूचा विचार करताना पहिले नाव सापाचे निघते. अमेरिकेत दरवर्षी सुमारे सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यांपैकी पाचच्या आसपास दगावतात, असा तेथील रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक माणसाचा पाठलाग करत नाही आणि त्याची झेप साधारणतः स्वतःच्या लांबीच्या निम्म्या अंतरापर्यंत पोचते; म्हणजे चार पावले मागे सरणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय ठरतो. टिंबर रॅटलस्नेकसारख्या जातींना अनेक राज्यांत कायद्याचे संरक्षणही आहे. म्हणून छर्‍यांचे काडतूस तंबूच्या तोंडाशी किंवा अडचणीच्या जागी सापडलेल्या सापापुरते उपयोगी असले, तरी केवळ सापाच्या भीतीने शस्त्र घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

दुसरा हेतू छावणीतील किरकोळ उपयोगाचा आणि निव्वळ नेमबाजीच्या आनंदाचा. या हेतूसाठी १९३० च्या दशकात स्मिथ अँड वेसनने ‘किट गन’ नावाचा प्रकार रूढ केला. मासेमारीच्या किंवा मुक्कामाच्या सामानात सहज मावेल असे हे ०.२२ इंची रिव्हॉल्व्हर होते. पुढे १९५३ मध्ये स्टर्म रुगर कंपनीने ‘सिंगल सिक्स’ आणि १९५८ मध्ये त्याहून लहान ‘बेअरकॅट’ काढून हीच परंपरा सामान्य माणसाच्या खिशाला परवडेल अशी केली. ०.२२ लाँग रायफल हे १८८७ पासून चालत आलेले काडतूस स्वस्त, कमी आवाजाचे आणि जवळजवळ बिनधक्क्याचे आहे. शंभर गोळ्यांचा डबा शर्टाच्या खिशात राहतो. त्यात पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेला असल्यामुळे त्याला ‘रिमफायर’ म्हणतात, आणि याच रचनेमुळे ते मध्यभागी मसाला असलेल्या ‘सेंटरफायर’ काडतुसांच्या तुलनेत अधिक वेळा फुसके निघते. लहान म्हणून ते निरुपद्रवी मात्र नाही. उंच कोनात सुटलेली ही गोळी दीड किलोमीटरच्या पलीकडे जाते, ही गोष्ट दाट झाडीत नेम धरणाऱ्याने विसरू नये.

तिसरा हेतू मोठ्या जनावरापासून बचावाचा, म्हणजे प्रामुख्याने अस्वलाचा, आणि याच ठिकाणी निवडीचा तोल सर्वांत जास्त बिघडतो. ताकदीची तुलना करायची तर नळीतून बाहेर पडणाऱ्या गोळीची ऊर्जा ज्यूल या एककात मोजतात. आखूड नळीतून ०.२२ ची गोळी सुमारे सव्वाशे ज्यूल, ०.३८ स्पेशलची अडीचशेच्या थोडी वर, १९३५ मध्ये आलेल्या ०.३५७ मॅग्नमची सातशेच्या आसपास, आणि ०.४४ मॅग्नमची हजार किंवा त्याहून अधिक ज्यूल ऊर्जा घेऊन निघते. शेवटचे काडतूस इडाहोतील पशुपालक आणि शस्त्रलेखक एल्मर कीथ यांच्या दीर्घ आग्रहानंतर १९५५ च्या अखेरीस अवतरले. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने त्याला जी कीर्ती दिली, तिचा रानातल्या गरजेशी फारसा संबंध नव्हता.

हे आकडे कागदावर जितके बोलके, तितके हातात फसवे असतात, कारण जो जोर गोळी पुढे नेतो तोच शस्त्र मागे आणतो. गोळी आणि दारू यांचा संवेग कायम असेल तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. ०.४४ मॅग्नमचे पोलादी ‘मॉडेल २९’ सुमारे १.३ किलो भरते. त्याच काडतुसाचे स्कँडियममिश्रित ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचे ‘३२९ पीडी’ सातशे ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे कमरेवरचे ओझे जवळजवळ निम्मे होताच मनगटावरचा तडाखा जवळजवळ दुप्पट होतो. असे शस्त्र विकत घेणारा माणूस पहिल्या दहा-बारा गोळ्यांनंतर सराव टाळू लागतो, आणि सराव टाळलेल्या हाताला दुसरी गोळी नेमकी लावणे जमत नाही. उलट जड पोलादी रिव्हॉल्व्हरने सराव सुखाचा होतो, परंतु दहा किलोमीटरच्या चढणीनंतर ते कमरेवरून पाठपिशवीत जाते. आणि पिशवीत गेलेले शस्त्र ऐनवेळी नसल्यातच जमा असते.

अस्वलाच्या बाबतीत अनुभवाचा पद्धतशीर अभ्यासही उपलब्ध आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अलास्कातील ८३ प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मिरचीतील तिखट द्रव्य दाबाखाली भरलेल्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचे नको असलेले वर्तन ९२ टक्के प्रसंगांत थांबले, आणि जवळून सामना होऊन फवारा वापरलेल्यांपैकी ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही, असे त्यात आढळले. २०१२ मध्ये याच संशोधकांनी बंदुकांच्या २६९ प्रसंगांची छाननी केली. आखूड शस्त्रांनी ८४ टक्के वेळा अस्वल आवरले गेले, तरी बंदूक जवळ असताना ती वापरणारे आणि न वापरणारे यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही; शस्त्र काढायला वेळ न मिळणे, नेम चुकणे आणि यंत्र अडकणे ही अपयशाची वारंवार दिसलेली कारणे होती. या दोन अभ्यासांतले प्रसंग एकाच तऱ्हेचे नाहीत, फवाऱ्याच्या अनेक प्रसंगांत अस्वल चालून आलेले नसून केवळ कुतूहलाने जवळ आले होते, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तरीही वेळेचे गणित कोणालाच चुकत नाही : तपकिरी अस्वल ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटरचे अंतर ते दोन सेकंदांत कापते, आणि तेवढ्या वेळात रुंद पसरणारा ढग उडवणे हे हलत्या लक्ष्याच्या कवटीवर नेम धरण्यापेक्षा सोपे आहे. ग्रिझली नावाने ओळखले जाणारे हे अस्वल अलास्का सोडता मुख्यतः मोंटाना, वायोमिंग, इडाहो आणि वॉशिंग्टन एवढ्याच राज्यांत उरले आहे. अन्यत्र काळे अस्वल असते आणि ते बहुधा मोठ्या आवाजाने निघून जाते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात तर हा फवारा बाळगायलाच मनाई आहे.

आता घडणीचे तपशील. ‘सिंगल ॲक्शन’ प्रकारात प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो, तर ‘डबल ॲक्शन’ प्रकारात नुसता चाप ओढल्याने घोडा मागे जाऊन पडतो. पहिला प्रकार सोपा, दणकट आणि स्वस्त आहे, परंतु त्यात काडतुसे एकेक करून भरावी व काढावी लागतात. दुसऱ्यात सिलिंडर बाजूला झुकतो आणि दांडा दाबताच सर्व रिकामी काडतुसे एकदम बाहेर येतात. जुन्या सिंगल ॲक्शन शस्त्रांत एक धोका दडलेला असे : घोड्याची सुई थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेली राही, आणि शस्त्र दगडावर पडले की गोळी सुटे. म्हणून जुने लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरीत. एक घर भरायचे, एक सोडायचे, पुढची चार भरायची, मग घोडा पूर्ण मागे ओढून सावकाश खाली टेकवायचा, की तो नेमका रिकाम्या घरावर येई. रुगर कंपनीने १९७३ मध्ये घोडा आणि सुई यांच्यामध्ये चाप ओढल्यावरच वर सरकणारी पट्टी बसवून हा धोका दूर केला, आणि त्याआधीच्या आपल्या शस्त्रांनाही ती विनामूल्य बसवून देण्याची सोय ठेवली. रानात घसरणे, पडणे नित्याचे असल्यामुळे जुने शस्त्र विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम हीच गोष्ट तपासावी.

नळी दोन इंची असली तर नेम धरणे अवघड जाते आणि सहा इंची असली तर बसताना टोचते. चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर, ही लांबी बहुतेक अनुभवी लोकांनी मान्य केली आहे. घाम, पाऊस आणि दव यांचा विचार करता काळ्या पोलादापेक्षा गंजरोधक पोलाद श्रेयस्कर. स्मिथ अँड वेसनच्या ‘मॉडेल ६०’ ने १९६५ मध्ये ते रिव्हॉल्व्हरमध्ये प्रथम आणले. पाठपिशवीचा पट्टा कमरेवर येत असल्यामुळे होल्स्टर छातीवर बांधणे सोयीचे ठरते. यांशिवाय कानांचाही हिशेब आहे : मॅग्नम काडतुसाचा आवाज कानाला कायमची इजा करणाऱ्या १४० डेसिबलच्या मर्यादेच्या बराच वर असतो, आणि रानात कोणी कान झाकून चालत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात, पण काटेकोरपणे लक्षात घ्यावा. २२ फेब्रुवारी २०१० पासून अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांत त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार शस्त्र जवळ बाळगता येते. मात्र ते झाडण्यावरचे निर्बंध उठलेले नाहीत आणि उद्यानांतील सरकारी इमारतींत ते नेता येत नाही. ॲपलेशियन ट्रेल ही पायवाट चौदा राज्यांतून जाते, त्यामुळे एका राज्यातील परवाना पुढच्या राज्यात चालेलच असे नाही. अलास्कात स्वसंरक्षणार्थ अस्वल मारले गेल्यास त्याचे कातडे आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते. त्या देशात नोकरीच्या किंवा पर्यटनाच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी मंडळींना तर वैध शिकार परवान्यासारख्या मोजक्या अपवादांखेरीज शस्त्र वा काडतूस जवळ बाळगणे हाच संघराज्याच्या कायद्याने गंभीर गुन्हा आहे. मित्राचे शस्त्र सहज म्हणून हाती घेण्याआधी हे ध्यानात असावे. भारतात हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही : १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीवाचून अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. ताडोबाच्या किंवा कोयनेच्या रानात काठी, आवाज आणि सोबत यांवरच भिस्त ठेवावी लागते.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की, जिथे ग्रिझली नाही अशा अमेरिकी रानात चालणाऱ्यासाठी चार इंची नळीचे, गंजरोधक पोलादाचे, मध्यम वजनाचे ०.३५७ मॅग्नमचे डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हर ही सर्वांत समंजस निवड ठरते, कारण त्यात ०.३८ स्पेशलची सौम्य काडतुसेही चालतात आणि त्यांच्यावर सराव स्वस्तात व सुखाने होतो. ज्याला केवळ नेमबाजीचा आनंद हवा, त्याने ०.२२ च्या पुढे जाऊ नये. ग्रिझलीच्या प्रदेशात फवारा हाताशी असावाच, रिव्हॉल्व्हर त्यानंतरचे. आणि ज्याला महिन्यातून एकदाही नेमबाजीच्या मैदानावर जाणे शक्य नाही, त्याने यांतले कोणतेही रिव्हॉल्व्हर न घेता तेवढेच वजन पाण्याचे न्यावे.