देवळाचें दार पुनः उघडलें तेव्हां

(महोत्सवाच्या पूर्वसंध्येस देवळाच्या अंगणांत केलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें आम्हांस विनंति केली कीं, आज संध्याकाळीं आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासावर चार शब्द बोलावे. तो इतिहास उद्यां तुमच्या हातीं पडणाऱ्या पुस्तिकेंत आलाच आहे. पाया कोणीं घातला, घंटा केव्हां आली, कौलें जाऊन स्लॅब कधीं पडला, तें सर्व तेथें वाचावें. आम्ही समितीची आज्ञा थोडी मोडून ह्या इतक्या वर्षांपैकीं दोनच वर्षांविषयीं बोलणार आहों. पुस्तिकेंत त्यांना एकच ओळ मिळाली आहे : ‘कोरोनाच्या साथीमुळें देऊळ कांहीं काळ बंद होतें.’ ती ओळ खोटी नाहीं. पण ती इतकी लहान आहे कीं, तिच्यांत आपलीं गेलेलीं माणसें मावत नाहींत.

लहान मुलांस त्या गोष्टी आतां आठवत नाहींत, म्हणून तारखा सांगतों. २२ मार्च २०२० हा उपवासकाळांतील चौथा रविवार. त्या दिवशीं देशभर जनता कर्फ्यू होता. २५ मार्चपासून, म्हणजे गब्रिएल दूतानें पवित्र मारियेस संदेश दिला त्या सणाच्याच दिवसापासून, टाळेबंदी सुरू झाली. आम्हीं देवळाच्या मोठ्या दारास अडसर लावला. रविवारच्या मिस्सेच्या बंधनांतून भाविकांस सूट मिळाली होती; पण सूट मिळाली म्हणून कोणास आनंद झालेला आम्हीं पाहिला नाहीं.

त्या वर्षीं पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला. वेदीसमोर एक स्टूल, स्टुलावर जुन्या वाचनग्रंथाचे दोन खंड, त्यांवर टेकवून उभा केलेला मोबाइल, आणि उत्तरें देण्यास एक धर्मभगिनी. एवढाच आमचा धर्मग्राम. लोकलगाड्या सामान्य माणसांस बंद होत्या, दादरच्या फूलबाजाराची वाट बंद होती, आणि आपल्या वसईच्या वाड्यांतला मोगरा झाडावरच कोमेजत होता. शनिवारीं संध्याकाळीं कोणी कोणी न बोलतां कुंपणावरून टोपल्या आंत ठेवून गेले. इतकीं फुलें त्या वेदीवर आम्हीं कोणत्याही सणास पाहिलीं नव्हतीं, आणि तीं पाहावयास देवळांत कोणी नव्हतें.

त्याच्या थोडें आधीं, २७ मार्चला, दिवंगत पोप फ्रान्सिस हे पावसानें ओल्या झालेल्या संत पेत्राच्या रिकाम्या चौकांत उभे असलेले तुम्हीं पडद्यावर पाहिले असतील. तेथें जो जुना क्रूस ठेविला होता, तो रोम शहरांतील संत मार्चेल्लोच्या देवळांतला. १५२२ च्या प्लेगांत तेथील लोकांनीं तो मिरवणुकीनें शहरभर फिरविला होता. तेव्हां लोक क्रूसामागें गर्दीनें चालले. ह्या वेळीं क्रूस एकटा आणि लोक आपापल्या घरीं. दोन्ही प्रार्थनाच होत्या.

हें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, त्या दिवसांत आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत आलें, “फादर, श्रद्धा आहे तर भीति कसली? देवळांत का कोणास रोग होतो?” प्रश्न विचारणारे भाविक होते, टवाळ नव्हते. १५७६ सालीं मिलान शहरांत प्लेग शिरला तेव्हां तेथील महागुरु संत चार्ल्स बोरोमेओ स्वतः रोग्यांत फिरले. पण लोकांस मात्र त्यांनीं देवळांत कोंडून घेतलें नाहीं. चव्हाट्यांवर वेद्या मांडविल्या आणि घरांत अडकलेल्या लोकांनीं खिडकींतून मिस्सा ऐकावी अशी व्यवस्था केली. सेमिनरींत आम्हीं हें परीक्षेपुरतें पाठ केलें होतें. त्याचा अर्थ पन्नाशींत कळला. आणि इतकें दूर तरी कशास जावें? १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, त्या काळचे क्रूस बांद्र्याच्या जुन्या गांवठाणांतून व गिरगांवांतील खोताच्या वाडींत आजही उभे आहेत. आपले पूर्वज त्यांच्यापुढें उघड्यावर जपमाळ म्हणत. त्या प्लेगासाठीं इंग्रज सरकारनें १८९७ सालीं केलेला साथरोगांचा कायदाच २०२० सालीं महाराष्ट्रांत पुनः लागू झाला. जपून वागणें ही आपली नवी खोड नव्हे.

आतां दार उघडण्याची गोष्ट. राज्यसरकारनें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं, दिवाळीच्या पाडव्यास, प्रार्थनास्थळें उघडण्यास परवानगी दिली. आम्हीं तयारीस आणखी कांहीं दिवस घेतले, आणि त्याबद्दल बोलही ऐकून घेतले. एका बाकावर दोनच माणसें बसावीं म्हणून खुणा केल्या. पवित्र पाण्याचीं पात्रें कोरडीं ठेविलीं. गायनमंडळास गप्प बसविलें, आणि त्यांस ठाऊक आहे कीं आम्हांस तें किती जड गेलें. ख्रिस्तशरीर जिभेवर न देतां हातावर द्यावयाचें, शांतीचें अभिवादन दुरूनच हात जोडून करावयाचें, प्रत्येक आळीस मिस्सेची वेगळी पाळी. फाटकाशीं आपले तरुण ताप मोजण्याचें यंत्र व वही घेऊन उभे. देवळांत धुपापेक्षां जंतुनाशकाचाच वास अधिक.

साठीच्या पुढच्या लोकांनीं क्षमा करावी, पण पुढची गोष्ट त्यांचीच आहे. पासष्ट वर्षांवरील माणसांनीं शक्यतों घरीं राहावें, असा सरकारी सल्ला होता. आम्हीं त्या सल्ल्याचा नियम करून टाकिला. आगमनकाळांतील त्या रविवारीं, पहिल्याच मिस्सेस, एक मावशी आल्या. नांव सांगत नाहीं; येथें सर्वांस ठाऊक आहे. उजव्या बाजूच्या पहिल्या बाकावरची भिंतीकडची जागा आमच्या आधींच्या धर्मगुरूंच्याही आधींपासून त्यांची. आठ महिन्यांनीं देवळांत यावयाचें म्हणून सणाचें लुगडें नेसून आल्या होत्या. फाटकावरच्या मुलानें नम्रपणें सांगितलें, “मावशी, तुम्ही घरीं जा. फोनवर मिस्सा दिसते.” त्या म्हणाल्या, “माझ्यापाशीं कोठला फोन, बाळा?” आणि थोडा वेळ उभ्या राहून परत गेल्या. तो मुलगा आज येथें बसला आहे आणि त्यास विचारूनच आम्ही हें सांगत आहों. त्यानें जें केलें तें आमच्या सांगण्यावरून केलें. आम्ही वेदीवरच्या मेणबत्त्या लावीत होतों. उघड्या दारांतून सारें दिसत होतें. आम्ही एक शब्द बोललों नाहीं.

नियम चुकीचा होता असें आम्ही आजही म्हणणार नाहीं. पुढें काय झालें तें पाहतां म्हाताऱ्या माणसांस गर्दीपासून दूर ठेवणें रास्तच होतें. चूक झाली ती नियमाच्या पलीकडे. मावशींचें घर देवळापासून चार मिनिटांच्या वाटेवर. मिस्सा आटोपल्यावर ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही तेथें जाऊं शकलों असतों. अंगणांत दूर उभे राहून प्रार्थना म्हणूं शकलों असतों. त्या रविवारीं गेलों नाहीं, पुढच्याही गेलों नाहीं. मग नाताळ आला. रात्रीच्या संचारबंदीमुळें मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीं घ्यावी लागली. त्या खटपटींत राहून गेलें. खरें सांगावयाचें तर आमचें सारें लक्ष जे आंत आले त्यांस मोजण्यांत होतें. कोणत्या पाळीस किती बाक रिकामे राहिले, हें आम्ही वहींत लिहीत होतों.

घरीं अडकलेल्यांची यादी करावयास आम्हांस मार्च उजाडला. यादींत पहिलें नांव मावशींचें होतें. पुनरुत्थानाचा सण ४ एप्रिल २०२१ रोजीं होता, म्हणून त्यांच्याकडे जाण्याचा दिवस आम्हीं सणानंतरचा ठरविला. ५ एप्रिलच्या रात्रीपासून निर्बंध आले व देवळें पुनः बंद झालीं. त्याच महिन्यांत मावशी गेल्या.

त्यांच्या दफनास त्यांचे दोन मुलगे, महानगरपालिकेचीं चार माणसें, आणि आम्ही. अंगावर पांढरा प्लॅस्टिकचा झगा, चष्म्यावर वाफ. पुस्तकांतील अक्षर दिसेना, म्हणून जें पाठ होतें तेवढें म्हटलें. त्या एप्रिल–मे महिन्यांत अशीं दफनें आम्हीं एकाच दिवशीं एकाहून अधिक केलीं आहेत. कांहीं घरांस दहन पत्करावें लागलें. त्यांच्याविषयीं अजून कोणी कुजबुजतो, म्हणून उघड सांगतों : ख्रिस्तसभेनें १९६३ पासून दहनास मुभा दिलेली आहे. पुनरुत्थानाच्या आशेस राखेची अडचण पडत नाहीं. ही कुजबुज आजपासून बंद व्हावी.

दुसऱ्यांदा दार उघडलें तें ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं. राज्यांत घटस्थापना होती, आणि आपल्या पंचांगांत जपमाळेच्या मातेचा सण. ह्या वेळीं तयारी झटपट झाली. खुणा होत्याच, मुलें शिकलेलीं होतीं. पण लोक कमी आले. आम्हीं काय केलें? प्रवचनांत रागावलों. बाजार भरतो, लग्नें लागतात, मग देवळाचीच भीति कशी, असें बोललों. जे आले होते त्यांनींच तें बोलणें ऐकलें. ज्यांस ऐकवावयाचें ते घरीं होते! ही गोष्ट एका आजोबांनीं मिस्सेनंतर आमच्या लक्षांत आणून दिली, तीही हंसत हंसत.

मग आम्ही घरोघर जाऊं लागलों. कांहींस खरोखर भीति होती. घरांत दम्याचें माणूस, तान्हें मूल. कांहींस फोनची सवय लागली होती. चहा पितां पितां मिस्सा होते, मग अंघोळ करून कशास जावें? पण एका घरीं निराळेंच ऐकलें. त्या घरचा कर्ता पुरुष दारांतच म्हणाला, “फादर, माझा बाप गेला तेव्हां तुमचें दार बंद होतें. आतां उघडलें असेल तर उघडूं द्या.” त्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. कायदा, संसर्ग, सरकारी हुकूम, हें सारें त्यास आमच्याइतकेंच ठाऊक होतें. दुसऱ्या खेपेस त्यानें ओट्यावर बसूं दिलें. तिसऱ्या खेपेस त्याच्या बायकोनें चहा आणिला, आणि त्यानें बापाचा फोटो दाखविला.

त्या वर्षीं २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, आम्हीं मिस्सा दफनभूमींत उघड्यावर केली. टाळेबंदीच्या आरंभापासून गेलेल्या प्रत्येकाचें नांव वाचलें. साथीनें गेलेलें असो वा अन्य कारणानें, ह्या गांवीं पुरलेलें असो वा मुंबईस दहन झालेलें. नांव वाचल्यावर घरच्यांनीं पुढें येऊन मेणबत्ती लावावयाची. काम लांबलें, अंधार पडला, कोणी हललें नाहीं. तो गृहस्थ कुंपणाबाहेर रस्त्यावर उभा होता. बापाचें नांव आलें तेव्हां त्याची मुलगी आंत आली आणि मेणबत्ती लावून गेली. तो आंत आला नाहीं. अजूनही तो फार क्वचित् येतो. त्याच्याविषयीं येथें कोणीं कांहीं बोलूं नये. तो आमचा आणि त्याचा हिशेब आहे.

फोनच्या मिस्सेविषयीं समितींत मतभेद झाला होता, म्हणून आमचें मत सांगून ठेवितों. पोप फ्रान्सिस ह्यांनीं १७ एप्रिल २०२० रोजीं, साथ ऐन भरांत असतांनाच, सांगितलें होतें कीं ही व्यवस्था अडचणीच्या काळापुरती आहे. आपल्यास बोगद्यांतून बाहेर पडावयाचें आहे, तेथें मुक्काम करावयाचा नाहीं. २ एप्रिल २०२२ पासून राज्यांतील निर्बंध उठले, आणि त्या वर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं मिरवणूक निघाली तेव्हां तुमचे उघडे चेहरे पाहून आम्हांस दोन-चार मुलें ओळखतांही आलीं नाहींत, इतकीं तीं वाढलीं होतीं. त्यानंतर आम्हीं मोबाइल बंद करावयाचें ठरविलें होतें. पण अंथरुणास खिळलेल्या तिघांचा निरोप आला, म्हणून तो ठेविला आहे. तो त्यांच्यासाठीं आहे. धडधाकट माणसानें त्यावर आपला हक्क सांगूं नये. आणि ज्यांस मोबाइलवर मिस्सा दिसते, त्यांच्या घरीं ख्रिस्तशरीर घेऊन जाण्याचें आमचें काम मोबाइल करीत नाहीं, हेंही आम्हांस आतां पक्कें कळलें आहे.

आतां उद्यांच्या कामाचें. मिरवणूक निघेल ती नेहमींच्या वाटेनें न जातां दफनभूमीवरून जाईल, आणि तेथें बँड थांबेल. नांवांची वही देवळांत पवित्र पाण्याच्या पात्राजवळ ठेविली आहे. आज रात्रीं सर्वांनीं पाहून घ्यावी, कोणाचें नांव राहिलें असेल, चुकलें असेल, तर दुरुस्त करावें. उजव्या बाजूचा पहिला बाक राखीव ठेवूं असें कोणीं सुचविलें होतें. मावशींच्या नातीनें नको म्हटलें, तेथें कोणासही बसूं द्या म्हणाली. तसेंच होईल.

ज्यांच्या घरीं देवळापर्यंत येऊं न शकणारें माणूस आहे, त्यांनीं त्याचें नांव व आळी आज घरीं जाण्यापूर्वीं आमच्यापाशीं सांगावी. मागच्या यादींत आहे असें गृहीत धरूं नये. उद्यां महोत्सवाची मिस्सा सकाळीं सातला आहे. ती आटोपल्यावर, जेवणाच्या पंक्ति बसण्यापूर्वीं, आम्ही व दोन धर्मभगिनी त्या घरीं येऊं.