धुळ्याचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव

बदनापूर ज्या जालना जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांतील जांब गांवीं 1608 सालच्या रामनवमीस समर्थ रामदासांचा जन्म झाला. समर्थांचा दासबोध महाराष्ट्रांत घरोघर वाचला जातो. परंतु जो पाठ आपण वाचतों तो समर्थांचाच कशावरून, या प्रश्नापायीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्या शंकर श्रीकृष्ण देवांचें नांव किती श्रोत्यांस ठाऊक असेल? (काँग्रेसचे पुढारी शंकरराव देव ते निराळे.)

देवांचा जन्म 1871 चा. धुळ्यास ते वकिली करीत. 1893 सालीं त्यांनीं तेथें सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली.

श्रोतेहो, छापखान्यापूर्वी ग्रंथ नकलांवर जगत. एक नकलकार चरण गाळी, दुसरा न कळलेला जुना शब्द काढून ओळखीचा घाली, तिसरा तर भक्तीच्या भरांत स्वतःची ओवीहि घुसडी. वीस दशक, दोनशें समास आणि साडेसात हजारांवर ओव्या, एवढ्या विस्तारांत असे दोष किती शिरतील! देवांनीं यासाठीं मठ धुंडाळले. मठांतील पोथी ही पूजेची वस्तु. ती परक्यापुढें सोडावयाची तर आधीं विश्वास संपादावा लागतो. अखेर सीनाकांठच्या डोमगांवच्या मठांतील कल्याणस्वामींच्या हातची प्रत त्यांनीं आधारास घेतली. कल्याण हे समर्थांचे शिष्य आणि लेखक. तेव्हां मूळाच्या इतकी जवळची प्रत दुसरी कोणती असणार? तिजवरून 1905 सालीं धुळ्याहून दासबोध छापून निघाला.

शिवाजीमहाराज आणि समर्थ यांच्या पहिल्या भेटीच्या वादांत मात्र देवांची भक्ति त्यांच्या संशोधनापुढें धांवली, असें म्हणणें भाग आहे. ही भेट 1649 सालीं झाली, असा त्यांचा आग्रह. धुळ्याचेच गोविंद काशिनाथ चांदोरकर यांनीं तो खोडून काढला. केशव गोसावी यांनीं दिवाकर गोसाव्यांस 1672 सालीं लिहिलेल्या पत्रांत ही पहिलीच भेट असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. देवांनीं आपलें मत सोडलें नाहीं. पण संप्रदायाचे जुने कागद गोळा करून छापण्याचें कामहि त्यांनीं सोडलें नाहीं. तीं कागदपत्रें त्यांच्या अनुयायांस जशीं उपयोगीं पडलीं, तशींच प्रतिपक्षासहि पडलीं.

1958 सालीं देव निवर्तले. त्यांनीं जमविलेलीं बाडें धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत ठेविलेलीं आहेत.