हरवलेल्या महिन्याचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोठे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी मात्र आज एका महिन्याच्या घरभाड्यावर बोलणार आहे. विषय लहान दिसतो हे मला कबूल आहे. परंतु हे दिवस बदल्यांचे आणि बिऱ्हाडे हलवण्याचे आहेत. दर उन्हाळ्यात गावागावांतून एक भांडण हमखास ऐकू येते. बिऱ्हाडकरू म्हणतो, पैसे दिले. घरमालक म्हणतो, मिळाले नाहीत. दोघांपैकी एकजण खोटे बोलतो आहे असे शेजारी ठरवून टाकतात आणि गल्लीचे दोन तट पडतात. मी वकील नव्हे. जमाखर्च तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे. त्या अनुभवावरून एवढेच सांगू इच्छितो की, अशा भांडणात दोघेही खरे बोलत असणे अगदी शक्य आहे.

माझ्या पाहण्यातलीच गोष्ट सांगतो. नावे सांगत नाही, कारण माणसे चांगली आहेत. आपल्या अर्धापूरच्या केळीच्या व्यापारात हिशेब लिहिणारे एक गृहस्थ जून महिन्यात दोन खोल्या घेऊन राहू लागले. भाडे दरमहा तीन हजार रुपये. राहायला येताना त्यांनी सहा हजार रुपये मालकांच्या हातावर ठेवले. मालक वयस्कर, सरळ माणूस. ते म्हणाले, ‘‘कागद कशाला, भाऊ? घर आपलंच समजा.’’ पुढे जुलैपासून एप्रिलपर्यंत, दर महिन्याच्या पाच तारखेला, तीन हजार रुपये न चुकता पोहोचले. काकूंनी लोणचे द्यावे, यांनी केळीचा घड आणून द्यावा, असा घरोबा झाला.

एप्रिलअखेर त्यांना बिऱ्हाड हलवायचे होते. अनामत रक्कम मागायला ते गेले, तेव्हा मालक म्हणाले, ‘‘आधी एप्रिलची बाकी द्या, मग अनामतीचं बोलू.’’

‘‘काका, एप्रिलचे पाच तारखेलाच दिलेत की तुमच्या हातात.’’

‘‘ते मार्चचे. माझ्या वहीत एप्रिल कोरा आहे.’’

एवढ्या दोन वाक्यांवर अकरा महिन्यांचा घरोबा मोडला. अनामत मिळाल्यावाचून कुलूप देणार नाही, असे यांनी सांगितले. मालकांच्या मुलाने तिसऱ्या दिवशी नळ बंद केला. वैशाखाच्या उन्हात त्या घरची बाई शेजारून पाणी वाहू लागली आणि ज्या काकूंनी लोणचे दिले त्या खिडकी लावून आत बसल्या. मला बोलावणे आले ते या अवस्थेत.

या गोष्टीचा शेवट मी थोडा राखून ठेवतो. तोवर कायदा काय म्हणतो ते पाहू.

पहिला प्रश्न असा की, सिद्ध कोणी करायचे? ‘पैसे दिले’ असे जो म्हणतो, त्याने ते दाखवायचे, हा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून पावती नसलेला बिऱ्हाडकरू प्रथमदर्शनी अडचणीत असतो. पण मालकांनीही वहीच्या भरवशावर फार निर्धास्त राहू नये. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात असे स्पष्ट होते की, धंद्यात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते, परंतु केवळ तेवढ्यावर कोणाच्या अंगावर देणे लादता येत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यातही हे तत्त्व कायम आहे. जेथे नोंद असून भागत नाही, तेथे ‘माझ्या वहीत पान कोरे आहे’ या म्हणण्याचे वजन किती, याचा आपणच विचार करावा.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. पैसे पोहोचले हे दोघांनाही मान्य आहे, पण ते कशाबद्दल पोहोचले? १८७२ च्याच कराराच्या कायद्यात, कलम ५९ ते ६१ मध्ये, याचे उत्तर आहे. एखाद्याची वेगवेगळी देणी असतील आणि पैसे देताना त्याने ‘हे अमुक देण्यापोटी’ असे सांगितले, किंवा परिस्थितीवरून तसे उघड दिसत असले, तर स्वीकारणाऱ्याने ते त्याच देण्याकडे जमा केले पाहिजेत. देणाऱ्याने काहीच सांगितले नाही, तर घेणाऱ्याला आपल्या मर्जीप्रमाणे कोणत्याही कायदेशीर देण्याकडे ते वळवता येतात. दोघेही गप्प राहिले, तर जे देणे आधीचे ते आधी फिटते. म्हणजे पैसा द्यायचा तर त्याला नाव देऊनच द्यावा. बिननावाचा पैसा घेणाऱ्याच्या मर्जीने चालतो. आपण मुलाचे बारसे करायला चुकत नाही. भाड्याचे बारसे मात्र राहून जाते.

पावतीचा हा प्रश्न आजचा नाही. आपल्या वसंत व्याख्यानमालांची परंपरा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्याच वर्षी, १२ मे रोजी, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. दक्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्या लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळावेत, कारण फेडलेला पैसा कोठेच लिहिलेला नाही आणि देणे तेवढे कागदावर जिवंत आहे, अशी त्यांची तक्रार होती. पुढे १८७९ मध्ये दक्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी केलेल्या त्या कायद्यात, पैसे भरणाऱ्या शेतकऱ्याला लेखी पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब मिळण्याचा आणि खातेपुस्तकाचा हक्क दिला गेला. त्या कायद्याखालील कामकाजात न्यायाधीश म्हणून रानड्यांनी पुढे काम केले. ज्यांनी आपल्याला वसंतात व्याख्याने ऐकायला शिकवले, त्यांच्या कामकाजात पावतीचा हा हक्क असा आला होता. तेव्हा आजचा माझा विषय या व्यासपीठाला अगदीच परका नाही.

आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थान भारतात आल्यानंतर, १९५४ साली, घरभाडे नियंत्रणाचा हैदराबादचा स्वतंत्र कायदा झाला. मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, तरी तो कायदा येथे टिकून राहिला. मुंबईकडे एक, विदर्भात दुसरा आणि आपल्याकडे तिसरा, अशी तीन कायद्यांची स्थिती होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि राज्याला एक कायदा मिळाला. त्याच्या परिशिष्टांत ज्या भागांचा समावेश होतो तेथे तो चालतो. म्हणून वकिलाकडे गेल्यावर आपल्या घराबद्दल पहिला प्रश्न तोच विचारावा.

या कायद्यातील चार गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. पहिली, भाडे स्वीकारताच लेखी पावती देणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि ते न पाळणे हा दंडास पात्र गुन्हा आहे. दुसरी, भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करायची जबाबदारी मालकावर आहे. लेखी, नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कागद कशाला’ म्हणणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावे. तिसरी, भाडे थकले म्हणून लगेच बाहेर काढता येत नाही. लेखी मागणीची नोटीस पोहोचल्यापासून नव्वद दिवस जाईपर्यंत त्या कारणाने दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत भाडेकरूने थकलेली रक्कम दरसाल पंधरा टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, खर्च दिला आणि पुढले भाडे चालू ठेवले, तर त्या कारणावरून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम होत नाही. तेव्हा नोटीस आली की भिऊ नये, आणि ती ट्रंकेत टाकून विसरूही नये. चौथी, न्याय्य व पुरेशा कारणावाचून पाणी, वीज यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास मालकाला मनाई आहे. भाड्याचा वाद दिवाणी न्यायाधीशापुढे नेण्याचा आहे. तो नळाच्या चावीने सोडवायचा नसतो.

आता आपल्या गोष्टीकडे वळू. मी दोघांना समोरासमोर बसवले. मालकांची वही मागितली. हिशेबनीस स्वतःची वही घेऊन आले. त्या गृहस्थांची गंमत पाहा. वखारीतून केळीची एक गाडीदेखील काट्याच्या चिठ्ठीशिवाय हलू न देणारा हा माणूस. घरभाड्याची मात्र एकही चिठ्ठी जवळ नाही! मी विचारले, ‘‘जूनमध्ये दिलेले सहा हजार कशाचे?’’ ते म्हणाले, ‘‘तीन हजार अनामत आणि तीन हजार जूनचं भाडं.’’ मालक म्हणाले, ‘‘छे, दोन महिन्यांची अनामत. सहा हजार.’’

हरवलेला महिना येथे सापडला. हिशेबनिसांच्या समजुतीने पाच जुलैचे पैसे जुलैचे, कारण जून फिटलेला. मालकांच्या समजुतीने तेच पैसे जूनचे. दर महिन्याला दोघे एकाच नोटांकडे पाहून वेगवेगळे महिने मोजत होते. दहा वेळा पैसे दिले-घेतले गेले, दहा वेळा चहा झाला, पण ‘हे कोणत्या महिन्याचे?’ हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

मग मी म्हटले, ‘‘महिन्यांची नावे सोडा. एकंदर दिले किती?’’ सहा हजार आणि दहा वेळा तीन हजार, म्हणजे छत्तीस हजार. राहिले किती? जून ते एप्रिल, अकरा महिने; भाडे तेहेतीस हजार. उरले तीन हजार. हिशेबनिसांच्या मते अनामत तीन हजार परत यायची होती. मालकांच्या मते सहा हजार अनामतीतून एप्रिलचे तीन हजार वजा जाऊन तीन हजार परत द्यायचे होते. दोन्ही वह्यांची बेरीज एकच! ज्या रकमेसाठी नळ बंद झाला, त्या रकमेबद्दल दोघांत मुळी मतभेदच नव्हता.

मालक बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मुलाला हाक मारून नळ सोडायला सांगितले, पैसे मोजून दिले आणि मे महिन्याच्या त्या चार-पाच दिवसांचे काही घेतले नाही. हिशेब मिटला. पण सामान गाडीत चढत असताना काकू बाहेर आल्या नाहीत. ‘खोटं बोलता’ हा शब्द दोन्ही बाजूंनी निघून गेला होता आणि तो जमेला किंवा नावे कोठेच टाकता येत नव्हता.

बंधुभगिनींनो, पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. अनोळखी माणसाकडून आपण पावती घेतो आणि जवळच्या माणसापुढे संकोचतो. माझ्या मते उलट असावे. अनोळखी माणसाशी बिघडले तर पैसेच जातील. जवळच्याशी बिघडले तर माणूस जातो. माणसाची आठवण मनाच्या बाजूने झुकते, आणि दोन प्रामाणिक माणसांच्या आठवणी दोन दिशांना झुकतात. त्या झुकावाला आधार म्हणून कागद असतो.

पावती लांबलचक नको. रक्कम, तारीख, कोणत्या महिन्याचे भाडे, देणाऱ्याचे नाव व घेणाऱ्याची सही, एवढे पुरे. रक्कम पाच हजारांहून अधिक असेल तर एक रुपयाचे रेव्हिन्यू तिकीट लावावे. अनामत आणि भाडे यांच्या पावत्या वेगळ्या असाव्यात. मोबाईलवरून पैसे धाडणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. तेथे तारीख आणि रक्कम आपोआप राहते, पण महिना राहत नाही. शेरा लिहिण्याची जागा असते, तीत ‘एप्रिलचे भाडे’ हे दोन शब्द लिहावेत. दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता केला, किंवा पैसे मालकांच्या मुलाच्या हाती दिले, तर त्याच दिवशी तसे लिहून घ्यावे. थकलेल्या भाड्याच्या वसुलीची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते. निदान तोवर हे कागद जपावेत.

आणि मालकमंडळींना माझी एक विनंती आहे. बिऱ्हाडकरूने मागण्याची वाट पाहू नका. कायद्याने पावती देण्याचे काम तुमचे आहे. पैसे हातात पडताच ‘थांबा, पावती घेऊन जा’ असे तुम्हीच म्हणा. त्या चार ओळींनी बिऱ्हाडकरूचे घर सुरक्षित राहील, तुमचे नाव सुरक्षित राहील, आणि बिऱ्हाड हलेल त्या दिवशी दोन्ही घरची माणसे निरोपाला दारात उभी राहतील.