नवी प्लेट टाकली, तरी क्लच घसरतोच



आज आम्ही गटातल्या बाया तुमच्याशी पापड-लोणच्यांवर नाही, तर गाडीच्या क्लचवर बोलणार आहोत. हसू नका. या क्लचपायी आमच्या गटात भांडण व्हायची वेळ आली होती.

आमचं गाव वाईजवळ. गटाने कर्ज काढून एक जुनी पिकअप घेतली. रोज पहाटे भाजीचे क्रेट भरायचे आणि पसरणी घाट चढून पाचगणीला पोचवायचे, हा आमचा धंदा. गाडी चालवते ती आमच्यातलीच एक सूनबाई. रीतसर लायसन काढलेलं, हात चांगला बसलेला.

एक दिवस घाटात गाडीने दगा दिला. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन मोठ्याने ओरडायचं, पण गाडी काही पुढे सरकेना. वर जळल्यासारखा वास. गॅरेजवाल्या मेस्त्रींनी सांगितलं, क्लच प्लेट गेली. नवी प्लेट टाकली, साडेपाच हजार दिले. अठरा दिवस बरे गेले. एकोणिसाव्या दिवशी त्याच घाटात पुन्हा तेच!

मेस्त्री म्हणाले, "बाईमाणूस चालवतंय ना, अर्धा क्लच दाबून चालवत असणार. पुन्हा प्लेट टाकू." गटाच्या बैठकीत दोघीतिघींनी लगेच सूर लावला, की गाडी एखाद्या गड्याच्या हातात द्या. सूनबाई खाली मान घालून बसली होती. मग एवढंच म्हणाली, "माझी चूक असेल तर शोधून दाखवा. पण आधी शोधा तरी."

तिचं म्हणणं आम्हाला पटलं. शेजारच्या गावात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्याकडे गाडी नेली.

काकांनी आधी आम्हाला क्लच म्हणजे काय ते समजावलं. दोन्ही तळहातांत एक ताट उभं दाबून धरा. कोणी फिरवायला गेलं तर हातही सोबत वळतात. इंजिनाकडचं फ्लायव्हील हा एक तळहात, प्रेशर प्लेट हा दुसरा, आणि मधलं ताट म्हणजे क्लच प्लेट. पेडल दाबलं की हात सैल होतात, सोडलं की घट्ट होतात. आता हाताला तेल लावा, नाहीतर दाबायचा जोर कमी करा. ताट घसरणारच. मग ताट कितीही नवं असो! म्हणून, काका म्हणाले, प्लेट गेली एवढं कळून भागत नाही. ती कशाने गेली ते शोधावं लागतं.

मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. तुम्हीही ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, पाय. काका सूनबाईच्या शेजारी बसून दोन किलोमीटर गेले. गिअर बदलून झाल्यावरही तिचा डावा पाय पेडलवर टेकलेला असायचा. ही सवय वाईटच. पायाच्या नुसत्या वजनानेही पकड सैल होते आणि प्लेट लवकर झिजते. चढावर गाडी थांबवताना हँडब्रेक लावायचा, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. सूनबाईने चूक मान्य केली. पण काका म्हणाले, "एवढ्याने नवी प्लेट अठरा दिवसांत जात नाही."

दुसरी, पेडलची मोकळीक. आमच्या गाडीचा क्लच वायरचा आहे. अशा क्लचचं पेडल हाताने दाबलं तर सुरुवातीला साधारण अर्धा ते एक इंच सैल जायला हवं. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. वायर फार ताणलेली असेल तर पाय काढला तरी क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि घसरतो. हे नुसतं नट फिरवून नीट होतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. वायरऐवजी ऑइलवर चालणारा क्लच असेल, तर त्याच्या सिलिंडरमध्ये दाब अडकून राहतो का, हे मेस्त्रींकडून बघून घ्यावं. आमची मोकळीक बरोबर होती.

तिसरी, घसरण्याची परीक्षा. सपाट, मोकळ्या जागी गाडी उभी केली. समोर कोणी नाही याची खात्री केली. हँडब्रेक पक्का ओढला, चाकांना दगड लावले. इंजिन चालू ठेवून चौथा गिअर टाकला, थोडी रेस देऊन क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. आमचं इंजिन आरामात चालूच राहिलं. म्हणजे क्लच घसरत होता, यात शंका उरली नाही. ही परीक्षा जाणत्या माणसासमोर एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर क्लच तापतो.

चौथी गोष्ट गाडीखाली सापडली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथे काळं ओलसर तेल होतं. काकांनी बोटावर घेऊन पाहिलं. गिअरबॉक्सच्या तेलाला उग्र वास असतो. हे इंजिनाचं होतं.

मग आम्ही चौघीजणी पहिल्या गॅरेजमध्ये गेलो आणि सांगितलं, "आमच्यासमोर खोला." गिअरबॉक्स उतरवला. नवी प्लेट तेलाने माखलेली निघाली. इंजिनाच्या मागचं ऑइल सील कडक होऊन फाटलं होतं. जुनी प्लेटही त्यानेच खाल्ली असणार. शिवाय प्रेशर प्लेट जुनीच ठेवलेली, तिच्यावर तापून निळे डाग पडलेले. फ्लायव्हील काचेसारखं गुळगुळीत झालेलं. यातलं काहीच पहिल्या खेपेला पाहिलं नव्हतं.

मेस्त्री गप्प झाले. दुसऱ्या वेळची मजुरी त्यांनी घेतली नाही. सामानाचे पैसे आम्हीच दिले. सील नवं, प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही नव्या, फ्लायव्हीलला लेथवर फेस मारून घेतला. तेल प्यालेली प्लेट धुऊन परत वापरता येत नाही, म्हणून पहिली प्लेट वायाच गेली. खरं सांगायचं तर यात आमचीही चूक होती. पहिल्या खेपेला "स्वस्तात करा" असं आम्हीच म्हटलं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या गटाच्या गाडीचं असं काम निघालं तर गॅरेजमध्ये हे प्रश्न विचारा. जुनी प्लेट कशाने गेली? सील तपासलं का? प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचं काय? फ्लायव्हीलचा फेस पाहिला का? नवं सामान आमच्याच मॉडेलचं आहे का? काढलेलं सामान परत मागा आणि बिल लिहून घ्या. नवी प्लेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर भार बेताचा ठेवा, तिला बसायला वेळ लागतो.

हे प्रश्न आम्ही गटाच्या हिशेबवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. आणि त्याच बैठकीत सूनबाईची माफीही मागितली. आता डावा पाय पेडलवरून काढायची आठवण तिला आम्ही करून देत नाही. तीच आमच्यातल्या दोघींना गाडी शिकवते आहे, आणि त्यांना पहिला धडा तोच देते.